तीनदा पिळायचा, चौथ्यांदा नाही

मित्रांनो, मी स्पंज आहे. वयाने जुना, रंगाने काळा, आणि माझ्या मधोमध आरपार एक भोक आहे. या तिन्ही गोष्टी मी आधीच सांगून टाकतो, कारण पहिल्या भेटीत लोक तेवढंच बघतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे फोमची पलंगाएवढी लादी निघे आणि तिचे तुकडे पाडत. आम्ही सगळे एकाच लादीचे. एक भाऊ भांडी घासायला गेला. दोघे बुटांच्या तळात गेले. त्यांनी खूप जग पाहिलं, पण खालून. थोरला एका ऑफिसातल्या खुर्चीत असतो. त्याच्याबद्दल आमच्या घरात कोणी फारसं बोलत नाही.

मला मात्र एका नळीवर बसवलं गेलं, आणि मी माशांच्या टाकीतला फिल्टर झालो. माझं काम सोपं आहे. पंप हवा सोडतो, बुडबुडे नळीतून वर जातात, त्यांच्यामागे पाणी माझ्यातून ओढलं जातं आणि त्यातला कचरा माझ्यात अडकतो. हे झालं दिसणारं काम. न दिसणारं काम वेगळंच आहे. माशांची घाण पाण्यात विरघळली की तिचं विष होतं. माझ्या बारीक बारीक भोकांत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू बिऱ्हाड करतात आणि ते विष खाऊन टाकतात. आवडीने खातात. कोणाच्या आवडीनिवडीवर मी कधी बोललो नाही.

मला दुकानातून घरी आणलं ते टिल्लीने. ती तेव्हा आठ वर्षांची होती. तिच्या एका हातात मी होतो आणि दुसऱ्या हातात पाण्याने फुगलेली पिशवी, त्यात पाच सोनेरी मासे. सगळ्यांत लहान होता त्याचं नाव तिने वाटाणा ठेवलं. बाकीच्या चौघांना ती नुसतं 'मंडळी' म्हणायची.

टिल्लीचे बाबा दातांचे डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर. बाबांची थोरली बहीण दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायची आणि पेशंटना नंबराने आत सोडायची. टिल्ली तिला आत्या म्हणायची, म्हणून सगळे पेशंटही आत्याच म्हणायचे, सत्तरीचे आजोबासुद्धा. आमची टाकी आत्याच्या टेबलाशेजारी होती. दाढ दुखणारी माणसं गालाला हात लावून आमच्याकडे बघत बसायची. मासेही तोंड उघडून त्यांच्याकडे बघायचे. काही पेशंटना वाटायचं, यांचाही नंबर लागलाय.

दर पंधरा दिवसांनी रविवारी टिल्ली बाह्या वर करायची. टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढायची, मला हळूच उचलायची आणि त्या बादलीत पिळायची. "एक, दोन, तीन... बस." सुरुवातीला ती मला अगदी गोरा होईपर्यंत पिळायला बघायची. मग दुकानदाराने तिला समजावलं, की कचरा निघू दे, पण बिऱ्हाडं राहू दे, तीनदा पुरे. तेव्हापासून तीन म्हणजे तीन. तिचे हात लहान होते, मी तिच्या दोन्ही मुठींत मावत नसे. मग हळूहळू मावायला लागलो. मला वाटायचं मीच आकसतोय.

अशी दहा वर्षं गेली. टिल्ली टाचा न उचलता वरच्या फळीवरचा डबा काढू लागली आणि वाटाणा माझ्यापेक्षा लांब झाला. नावं दोघांचीही तीच राहिली.

मग एक दिवस टिल्ली दुसऱ्या गावी शिकायला निघाली. जाताना तिने टाकीवर एक कागद चिकटवला. त्यावर लिहिलं होतं: 'चिमूटभरच खाणं. पाणी आठवड्याला थोडं बदला. स्पंज नळाखाली धुवू नका.' मग तिने काचेवर नाक टेकवलं. "बाबा, वाटाण्याला ही टाकी आता पुरत नाही हो."

"तू सुट्टीला येशील तेव्हा तो मोठ्या टाकीत असेल," डॉक्टर म्हणाले. "शब्द देतो."

"पाचही जण?"

"पाचही जण."

त्या रविवारी मला कोणी पिळलं नाही. पुढच्या रविवारी आत्याने पिळलं, कढईतली भजी निथळावीत तसं, दोन बोटांत धरून. मी तक्रार करत नाही. पण मित्रांनो, हात हात असतो.

डॉक्टर दिल्या शब्दाला जागणारे होते. त्यांनी काच कापणाऱ्याला बोलावलं. त्याने विचारलं, "लांबी किती?" डॉक्टर म्हणाले, "माझ्याएवढी." सहा फुटांची टाकी आली, तेव्हा माप बरोबर आहे का हे बघायला ते पांढरा कोट घालून तिच्यात आडवे झाले. नेमका तेव्हाच एक नवा पेशंट दारात आला. त्याने काचेच्या पेटीत हाताची घडी घालून निजलेले डॉक्टर पाहिले आणि आत्याला म्हणाला, "मी उद्या येतो." तो अजून आलेला नाही.

आता टाकी सहाशे लिटरची. तिला फिल्टर कोणता घ्यायचा? हा प्रश्न दवाखान्यात महिनाभर गाजला. मी कोपऱ्यातून ऐकत होतो. खोटं कशाला बोलू, मला वाटत होतं की मलाच विचारतील. मी बुडबुडे जरा एका रांगेत सोडायला लागलो.

दुकानदार अक्कलदाढ घेऊन आला, तेव्हा निर्णयाची वेळ आली. डॉक्टरांनी त्याला खुर्चीत आडवं केलं, त्याच्या तोंडात आरसा घातला आणि मग विचारलं, "सहाशे लिटरमध्ये पाणी तासाला किती वेळा फिरायला हवं?"

"आं आं आंआं," दुकानदार म्हणाला.

"चार-पाच वेळा. मलाही तेच वाटलं. म्हणजे तासाला तीन हजार लिटरचा फिल्टर हवा."

"आंआ!"

"थोडा जास्तच घेऊ, बरोबर."

दातांच्या डॉक्टरांना ही भाषा येते. लोक वीस वर्षं त्यांच्याशी हीच बोलत आले आहेत.

दाढ निघाल्यावर दुकानदार गालात कापूस धरून बाहेर आला आणि आमच्यासमोर बसला. "मागे टांगायचा फिल्टर असतो," तो म्हणाला, "पण तुमची टाकी भिंतीला चिकटून. आणि एवढ्या टाकीला तो कमीच पडायचा. दुसरं म्हणजे, खाली आणखी एक टाकी ठेवायची, वरचं पाणी त्यात पडतं, गाळलं जातं, पंपाने परत वर. एक नंबर काम. फक्त पाण्याचा खळखळाट होतो."

"खळखळाट?" आत्याने मान वर केली. "इथं? अरे, दिवसभर पाणी पडल्याचा आवाज आला तर सगळी रांग बाथरूमला पळेल. मग मी नंबर कोणाचा पुकारू?"

ती योजना तिथेच मिटली.

"मग बंद डब्याचा घ्या. खालच्या कपाटात बसतो, दोन नळ्या वर येतात, आवाज नाही. आत थरावर थर जाळ्या, त्यात चिनी मातीच्या पांढऱ्या रिंगा. रिंगांत जीवाणू राहतात. पण माझं ऐका डॉक्टर, एक मोठा घेऊ नका. दोन मध्यम घ्या. एक धुवाल तेव्हा दुसरा चालू राहील."

"एकच बरा. मोठा. मीसुद्धा इथं एकटाच आहे की."

"हो ना," आत्या म्हणाली. "आणि तू तापाने निजलास की दवाखान्याला कुलूप असतं. बघ बाबा."

डॉक्टरांनी एकच घेतला.

"आणि हा?" आत्याने माझ्याकडे बोट केलं. माझे बुडबुडे एक क्षण थांबले असते, पण पंप चालू होता.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. "हा गुणी आहे हो. पण एवढ्या टाकीला एकटा म्हणजे चमच्याने विहीर उपसायची. याला नव्या टाकीत दीड महिना ठेवा. याच्यातली बिऱ्हाडं नव्या डब्यात पसरली की मग काढा."

मित्रांनो, तो दीड महिना मी विसरणार नाही. एवढं पाणी मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. वाटाणा एका टोकाहून निघे आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत मला त्याची आठवण येऊ लागे. जाता-येता तो मला शेपटी लावून जायचा. माझ्याकडची मुलंबाळं हळूहळू खालच्या डब्यात राहायला गेली. तिथल्या पांढऱ्या रिंगा अगदी दातांसारख्या दिसायच्या. डॉक्टरांना त्या फार आवडायच्या.

शेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी साडेनऊला डॉक्टरांनी हातमोजे घालून मला बाहेर काढलं. दीड महिना म्हणजे दीड महिना. ते मला कचऱ्याच्या डब्याकडे नेत होते, तोच आत्या आडवी आली.

"चालती वस्तू टाकायची नाही."

"अक्का, तो बघ किती घाण झालाय!"

"मीही साठीची झाले. मला टाकतोस?"

आत्याने मला मागच्या खोलीत नेलं, बेसिनखालच्या एका बादलीत ठेवलं, जुना पंप जोडला आणि सोबतीला जुन्या टाकीतल्या दोन गोगलगाई सोडल्या. माझी वस्ती आता दोन गोगलगाईंच्या घाणीवर तगणार होती. गोगलगाईंनी मात्र आम्हाला कधी उपाशी ठेवलं नाही. त्या फार शांतपणे, पण नेमाने घाण करायच्या.

त्या बादलीत मी चार महिने होतो. आत्या अधूनमधून पाणी बदलायची आणि खुशाली सांगायची. "वाटाणा जाड झालाय. टिल्लीचा फोन आला होता." एवढंच. दुपारी दवाखाना बंद झाला की भिंतीपलीकडच्या नव्या डब्याची घरघर ऐकू यायची. आवाज नसतो म्हणे! ज्याला ऐकायचं असतं त्याला येतो. मला वाटायचं, त्या घरघरीत कुठेतरी वाटाण्याची शेपटी असेल. आणि रविवार आला की मला मुठी आठवायच्या.

बादलीसमोरच्या ओट्यावर डॉक्टरांचं एक यंत्र होतं. दात काढायचे चिमटे वाफेने उकळून त्यांच्यावरचे सगळे जंतू मारायचं यंत्र. आत्या त्याला कुकर म्हणायची. मी त्याच्याकडे दिवसभर बघायचो. त्याचा धंदा आणि माझा धंदा अगदी उलट होता. तरी आमच्यात कधी वाद झाला नाही.

मग टिल्लीच्या येण्याची तारीख ठरली. गुरुवारी येणार. आदल्या शुक्रवारी दुपारी डॉक्टर हातमोजे घालून मागच्या खोलीत आले. त्यांच्या हातात नव्या डब्याच्या जाळ्या होत्या आणि पाठोपाठ आत्या होती.

"ती येणार, सगळं कसं चकचकीत हवं," ते म्हणत होते. मग त्यांनी जाळी उघडली आणि त्यांचा चेहराच पडला. पांढऱ्या रिंगांवर तपकिरी, बुळबुळीत थर चढला होता. तुम्ही कल्पना करा मित्रांनो. ज्या माणसाने वीस वर्षं लोकांच्या दातांवरचा नेमका असाच थर खरवडून काढला, त्याच्या स्वतःच्या घरात, बत्तीस नव्हे, चांगल्या पाचशे रिंगांवर तो थर!

"टिल्लीचा कागद आहे ना?" आत्या म्हणाली. "नळाखाली धुवू नका म्हणून?"

"वाचलाय मी. बरोबरच लिहिलंय पोरीने. नळाने काय जाणार हे? उकळायलाच हवं."

आणि त्यांनी त्या सगळ्या रिंगा कुकरमध्ये घातल्या.

मी समोरच होतो. त्या रिंगांवर माझी नातवंडं होती, पतवंडं होती. मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. पण स्पंजाला फक्त बुडबुडे सोडता येतात. मी सोडले. रोजच्याएवढेच निघाले.

तासाभराने रिंगा बाहेर आल्या. दुधासारख्या पांढऱ्या. डॉक्टर त्यांच्याकडे पाहून हसले. मुलीसाठी काहीतरी मनापासून केलं की बाप जसा हसतो, तसे. म्हणून मला त्यांचा राग येत नव्हता. तेच तर अवघड होतं.

शनिवारी मासे खाण्यावर आले नाहीत. रविवारी सकाळी आत्याचा आवाज भिंतीतून आला. "अरे, वर ये रे आधी, नाही, खाली ये! मासे तोंड वर काढून श्वास घेतायत!" पाणी काचेसारखं स्वच्छ होतं. विष दिसत नाही. डॉक्टरांनी केसपेपर काढला आणि त्यावर खरोखर लिहिलं: 'नाव: वाटाणा. तक्रार: दम.' पुढे काय लिहावं हे त्यांना कळेना. त्यांनी टिल्लीला फोन लावला आणि बोलत बोलत मागच्या खोलीत आले, कारण आत्यासमोर त्यांना बोलवेना.

"फिल्टर धुतलात का बाबा?" फोनमधून टिल्लीचा आवाज आला. किती महिन्यांनी! माझ्या सगळ्या भोकांतून तो गेला.

"नळाखाली नाही धुतला."

"मग?"

"उकळला."

"बाबा, तो थर म्हणजेच फिल्टर असतो. डबा नुसता डबा आहे." मग तिचा आवाज बारीक झाला. "जुना स्पंज... टाकलात ना तुम्ही?"

दारातून आत्या म्हणाली, "बादलीत आहे. चालू आहे. मी सांगितलं होतं याला."

"आत्या! तू... बाबा, ऐका. आधी तिसरा हिस्सा पाणी बदला, कालपासून भरून ठेवलेलं घ्या. खाणं बंद. डबा उघडा आणि स्पंज त्या रिंगांवर पिळा. सगळी घाण त्यांच्यावर पडू दे. मग स्पंज टाकीत सोडा. आणि बाबा, हातमोजे काढा. त्यांना पावडर असते."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. त्यांचे उघडे हात मी पहिल्यांदाच पाहिले. बोटं पांढरी आणि सुरकुतलेली होती, जशी टिल्लीची बोटं पाण्यात फार वेळ राहिल्यावर व्हायची. त्यांनी मला उचलून टाकीखालच्या उघड्या डब्यावर धरलं. धरण्याची पद्धत चुकीची होती, पण पकड जपून होती, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

"एक," फोनमधून टिल्ली म्हणाली. त्यांनी पिळलं. काळं पाणी त्या दुधासारख्या रिंगांवर पडलं. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "दोन. तीन. बस."

"अजून आहे गं आत."

"बस म्हटलं ना! ते स्पंजातच राहू दे."

मग मी मोठ्या टाकीत आलो. वाटाणा वर, पाण्याच्या कडेला, तोंड उघडून लोंबकळत होता. माझ्याजवळ फार थोडी बिऱ्हाडं उरली होती. दोन गोगलगाईंवर जेवढी पोसता येतात तेवढीच. आम्ही काम सुरू केलं. डॉक्टर रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत होते. पेशंट गाल धरून बसले असायचे आणि डॉक्टर बाह्या वर करून बादल्या वाहायचे. एकाने विचारलं, "डॉक्टर, माझा नंबर?" आत्या म्हणाली, "तुमच्या आधी चार मासे आहेत."

चारच होते. मंडळींतला एक, शेपटी फाटकी होती तो, सोमवारी गेला. डॉक्टरांनी त्याला दारातल्या कुंडीत पुरलं आणि त्या दिवशी दुपारी ते जेवले नाहीत.

बुधवारी वाटाणा खाली उतरला. माझ्याजवळून गेला. शेपटी लागली.

गुरुवारी टिल्ली आली. बॅग खांद्यावरून न उतरवताच ती टाकीसमोर उभी राहिली आणि मोजू लागली. तिने चारवर बोट थांबवलं, तेव्हा डॉक्टरच म्हणाले, "एक गेला. माझ्यामुळे. शब्द दिला होता, पाचही म्हणून."

टिल्लीने त्यांच्या कोटाची बाही धरली आणि तशीच उभी राहिली. मग तिने मला पाहिलं. काचेवर, मी होतो तिथे, बाहेरून तळवा टेकवला. आमच्यामध्ये बोटभर जाड काच होती.

मी रविवारची वाट बघू लागलो. ती सोमवारी परत जाणार होती. म्हणजे मधे एक रविवार होता. मी हिशोब दहादा केला.

रविवारी तिने खरंच बाह्या वर केल्या. पण तोवर डॉक्टर बादली घेऊन आले होते, हातमोजे न घालता. ती थबकली. मग मागे सरून पेशंटच्या बाकावर बसली. तिचे हात माझ्यापासून चार पावलांवर, गुडघ्यांवर होते. डॉक्टरांनी मला उचललं, आणि या वेळी नीट धरलं. दोन्ही मुठींत.

"जमतंय की बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी पाणी ओढतो, तसंच ते आत ओढून घेतलं.

आता मी याच टाकीत कोपऱ्यात असतो. खालचा डबा पुन्हा तपकिरी झाला आहे आणि तो तसाच राहणार आहे. दुकानदाराने दुसरा डबाही आणून बसवलाय. टिल्लीच्या कागदावर चौथी ओळ आली आहे: 'उकळूही नका.' त्याखाली आत्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे: 'डॉक्टरांनी हे दोनदा वाचावे.'

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. मळकट दिसतं ते सगळं घाण नसतं. कधी कधी तिथे कोणी राहत असतं. पण हे सांगून आंघोळ चुकवू नका; मी स्पंज आहे, मला दोन्ही बाजू कळतात. तुमच्याही घरात कोणीतरी कोपऱ्यात बसून गुपचूप बुडबुडे सोडत असेल. त्याला टाकू नका. पंधरा दिवसांतून एकदा हातात घ्या, त्याच्याच पाण्यात धरा, हळू पिळा.

टिल्ली गेल्यापासून दर दुसऱ्या रविवारी डॉक्टर बाकावर फोन उभा करून ठेवतात. मग मला उचलतात आणि मोठ्याने मोजतात. एक. दोन. तीन. आणि मला दोन्ही मुठींत धरून थांबतात.

"बस," लांबून ती म्हणते.